नेहमीची गोळी

रात्री आठच्या सुमाराला औषधांच्या दुकानात गर्दी असते. ऑफिसातून परतणारी एक बाई पुढे होते. एका खांद्यावर जड पर्स, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. दुकानदाराला ती एवढंच म्हणते, "दादा, नेहमीची द्या." तोही काही न विचारता डोकेदुखीच्या दहा गोळ्यांची पट्टी काढून ठेवतो. पैसे दिले जातात आणि पट्टी पर्सच्या पुढच्या कप्प्यात जाते. मागची पट्टी कधी घेतली होती, ही किती दिवस पुरेल, हे कोणी कोणाला विचारत नाही. रांगेतल्या पुढच्या माणसाला खोकल्याचं औषध हवं असतं, त्याची चिठ्ठी मात्र नीट वाचली जाते. बाई पायरी उतरताना पिशवी खाली ठेवते आणि मोकळ्या हाताने मानेचा मागचा भाग दाबते. अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला, जिथे केस संपतात त्याच्या जरा वर. हात बरोबर जागी गेलेला असतो. तो व्यवहार मात्र खटकत राहतो. इतक्या सरावाने घेतलेलं औषध आपण धने-जिऱ्याच्या पुडीसारखं घरी नेतो आणि त्याचा हिशोब कुठेच ठेवत नाही.

डोकं कसं दुखतं हे सांगायला माणसाला शब्द पटकन सापडत नाहीत, पण हात बरोबर सांगतो. ताणाने डोकं दुखणारा माणूस दोन्ही तळवे दोन्ही कानशिलांवर ठेवतो, नाहीतर कपाळावरून मागे हात फिरवतो, घट्ट टोपी बसली आहे असं दाखवत. अर्धशिशीवाला बहुधा एकाच बाजूला, डोळ्यामागे बोट रोवतो आणि उघडझाप करणाऱ्या मुठीने ठणका दाखवतो. या दोन दुखण्यांतला फरक ओळखणं ही उपचाराची पहिली पायरी आहे, कारण पुढचे रस्ते वेगळे आहेत. ताणाची डोकेदुखी दोन्ही बाजूंना असते, आवळल्यासारखी किंवा दाबल्यासारखी. ती सौम्य ते मध्यम असते, म्हणजे माणूस कुरकुरत का होईना पण काम करत राहतो. जिना चढल्याने ती वाढत नाही. उलटी होत नाही. उजेड किंवा आवाज यांपैकी एखादी गोष्ट नकोशी होऊ शकते, दोन्ही सहसा नाहीत. ती अर्ध्या तासात सरते किंवा आठवडाभरही रेंगाळते. अर्धशिशीचा झटका उपचार न केल्यास ४ ते ७२ तास चालतो, हलल्याने वाढतो, मळमळ होते, आणि माणसाला अंधाऱ्या खोलीत पडून राहावंसं वाटतं. एकाच माणसाला दोन्ही असणं अगदी शक्य आहे. म्हणून आजचं दुखणं त्यातलं कोणतं, हे त्या-त्या दिवशी पाहावं लागतं.

आपल्याकडे या दुखण्याला तीन आयती नावं मिळतात आणि तिन्ही बऱ्याचदा चुकतात. पहिलं नाव पित्त. "पित्ताने डोकं चढलं, उलटी झाली आणि मोकळं वाटलं," हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. उलटीनंतर उतरणारी ती डोकेदुखी बहुतेक वेळा अर्धशिशी असते. पोट बिघडतं ते त्याच झटक्याचा भाग म्हणून, त्याचं मूळ म्हणून नव्हे. दुसरं नाव बीपी. डोकं दुखलं की शेजारच्या काकांचं मशीन मागवलं जातं, आकडा थोडा वर दिसतो आणि खापर त्याच्यावर फुटतं. दुखण्यानेच आकडा थोडा चढतो, हे कोणी लक्षात घेत नाही. रोजचा थोडाफार वाढलेला रक्तदाब सहसा डोकं दुखवत नाही, म्हणून तर तो वर्षानुवर्षं कळत नाही. १८०/१२० च्या पुढे गेला की गोष्ट वेगळी, तिथे तातडीने डॉक्टर गाठायचा. तिसरं नाव सायनस. नाक चोंदलेलं नाही, पिवळा-हिरवा शेंबूड नाही, ताप नाही, वास नीट येतो आणि तरी दर महिन्याला 'सायनस' होतो, तर तो सायनस असण्याची शक्यता कमी. अशा लोकांच्या फाइलीत नाकाचे एक्स-रे साठत जातात आणि डोकं दुखायचं थांबत नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. काही डोकेदुख्या अशा असतात की त्या घरी बसून ओळखण्याच्या नसतात. मिनिटभरात शिखराला पोचणारी, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी भयंकर डोकेदुखी झाली तर थेट रुग्णालय. ताप आणि हनुवटी छातीला न टेकण्याइतकी आखडलेली मान, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद जाणं, फिट येणं, डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारं दुखणं, या सगळ्यांत वाट पाहू नये. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, त्यातही केस विंचरताना कानशील दुखत असेल आणि घास चावताना जबडा थकत असेल, तर त्याच दिवशी तपासणी हवी, कारण त्यात नजर जाण्याचा धोका असतो. आडवं झाल्यावर किंवा पहाटे वाढणारी आणि दिवसागणिक चढत जाणारी, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने आलेली, हीही याच यादीत. हे वगळल्यावर जे उरतं ते फार मोठं आहे. ताणाची डोकेदुखी हा जगात सर्वांत जास्त आढळणाऱ्या आजारांपैकी एक आहे. २०१६ सालच्या जागतिक मोजदादीत तिचे सुमारे १८९ कोटी लोक धरले होते.

एवढ्या लोकांना दुखतं ते नक्की काय? मेंदू तर दुखत नाही. मेंदूच्या गाभ्यात वेदना टिपणारी टोकंच नाहीत, म्हणून रुग्ण जागा असताना मेंदूवर शस्त्रक्रिया करता येते. दुखतात ती त्याभोवतीची आवरणं, रक्तवाहिन्या आणि कवटीवरचे, जबड्याचे, मानेचे स्नायू. कपाळाचा पातळ स्नायू भुवयांपासून वर जातो, मागे मानेच्या बाजूला त्याचा जोडीदार आहे आणि दोघांमध्ये टाळूवर एक चिवट पडदा ताणलेला असतो. कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला स्नायू खरं म्हणजे चावण्याचा आहे. दात दाबून कानशिलाला बोट लावलं की तो फुगलेला कळतो. कवटीच्या तळाशी, पहिल्या दोन मणक्यांना धरून बोटभर लांबीचे छोटे स्नायू आहेत. साडेचार ते पाच किलोचं डोकं दिवसभर सूक्ष्म हालचालींनी तोलून धरायचं काम त्यांचं. आणि त्यांच्यावरून पसरलेला मान-खांद्याचा तो मोठा स्नायू, जो घाबरल्यावर, थंडीत किंवा साहेबांचा फोन आल्यावर खांदे कानांकडे उचलतो.

मान दुखते, मग दुखणं भुवईवर का जाणवतं, हा प्रश्न अनेकांना पडतो. चेहऱ्याची संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नस आणि मानेच्या वरच्या तीन नसा मज्जारज्जूच्या वरच्या टोकाला एकाच ठिकाणी येऊन मिळतात. चाळीत सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच फोन असायचा, घंटा वाजली की फोन कोणाचा हे उचलल्याशिवाय कळायचं नाही, तसं तिथे होतं. निरोप मानेतून आलेला असतो, मेंदू तो कपाळाच्या नावावर लिहितो. म्हणून कपाळाला कितीही बाम चोळला तरी मानेतली गाठ तशीच राहते आणि दोन तासांनी दुखणं परत येतं.

पूर्वी या डोकेदुखीला स्नायूंच्या आकुंचनाची डोकेदुखी म्हणत. पण यंत्र लावून पाहिलं तर दुखणाऱ्या माणसाचे स्नायू दरवेळी जास्त आवळलेले सापडेनात, हुळहुळे मात्र सापडत. १९८८ सालच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्यामुळे नाव बदललं गेलं. आजची समज अशी की क्वचित दुखणाऱ्यात स्नायूंचा वाटा मोठा असतो. दुखणं वरचेवर होऊ लागलं की मज्जारज्जू आणि मेंदू स्वतःच हळवे होत जातात. साधा स्पर्श, कमी झोप, एक उशिराचं जेवण एवढंही मग पुरतं. महिन्यात १५ किंवा त्याहून जास्त दिवस, असं ३ महिन्यांपेक्षा जास्त काळ दुखत असेल तर ते जुनाट प्रकारात मोडतं. त्या टप्प्यावर नुसतं मानेला शेकून भागत नाही.

दुखणं खरं असतं.

हे वेगळं लिहावं लागतं, कारण या लोकांच्या वाट्याला एक विचित्र प्रसंग येतो. एमआरआय होतो, रिपोर्ट स्वच्छ येतो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि म्हणतात, "काही नाहीये तुला, टेन्शन घेऊ नकोस." ज्याचं डोकं दुखतंय त्यालाही बरं वाटतं, पण त्याच क्षणी खोटं पडल्यासारखंही वाटतं. गाठ नाही म्हणून आनंद आणि गाठ नाही म्हणून आता कोणी विश्वास ठेवणार नाही ही धास्ती, दोन्ही एकदम. बायकांच्या बाबतीत तर "तिचं नेहमीचंच" हे शब्द फार लवकर येतात. स्नायूंचा हुळहुळेपणा आणि नसांचा हळवेपणा एमआरआयमध्ये दिसत नाही, कारण तो यंत्राने टिपण्याचा बदल नाही. तो बोटांनी तपासायचा असतो. कवटीच्या तळाशी, कानशिलावर, जबड्याच्या कोपऱ्यावर, खांद्याच्या कडेवर सारख्या जोराने दाबून पाहिलं की माणूस कुठे चमकतो ते कळतं. ज्या डॉक्टरने डोकेदुखीच्या रुग्णाच्या मानेला हात लावला, त्याच्यावर भरवसा ठेवावा, असं माझं मत आहे.

ताण म्हटलं की आपण मोठी कारणं शोधतो, कर्ज, नोकरी, घरातली भांडणं. ती असतातच. पण शरीरात ताण शिरतो तो लहान दारांनी. एक दार जबड्याचं. ओठ मिटलेले असताना वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायला नकोत. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला आणि दातांमध्ये थोडी फट, ही आरामाची स्थिती. हिशोब जुळवताना, सुईत दोरा ओवताना, वाहतुकीत गाडी चालवताना दात आपोआप आवळले जातात. दिवसातून काही वेळा स्वतःला विचारावं, दात टेकलेत का? सकाळी उठल्यावर जबडा जड आणि कानशिलं दुखरी असतील तर झोपेत दात खाल्ले जात असावेत, मग दंतवैद्याला दाखवायला हवं. दुसरं दार नजरेचं. चाळिशीच्या आसपास जवळचं दिसणं कमी होतं, माणूस चष्मा टाळतो, मोबाइल लांब धरतो आणि कपाळाला आठ्या घालून वाचतो. दहावी-बारावीच्या मुलांचं डोकं फेब्रुवारीत दुखू लागलं तर अभ्यासाच्या ताणाबरोबर चष्म्याचा नंबर, झोपेचे तास आणि डबा परत येतो का, हेही पाहावं.

मग डोक्यावर बाहेरून येणारा दाब. पुण्यात दुचाकी चालवणाऱ्याला हे चटकन पटेल. हेल्मेट घातल्यावर तासाभरात जिथे दाब पडतो तिथेच दुखायला लागलं आणि काढल्यावर तासाभरात थांबलं, तर दोष हेल्मेटच्या मापाचा आहे. भुवयांच्या बोटभर वरून डोक्याभोवती टेप फिरवून माप घ्यावं आणि दुकानात हेल्मेट घालून निदान दहा मिनिटं थांबावं. कपाळावर लाल वळ उठत असेल तर ते माप नको. माप बदलावं, हेल्मेट सोडू नये. तसाच ओढ बसणारा अंबाडा, उंच बांधलेली घट्ट पोनीटेल, लग्नात दिवसभर डोक्यावर वागवलेला खोपा आणि त्याचे पिना. केस सोडले की डोकं हलकं होतं तो भास नसतो, टाळूच्या पडद्यावरची ओढ खरोखर सुटलेली असते.

चहा आणि उपास यांच्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्याकडच्या कितीतरी डोकेदुख्या याच दोघांच्या आहेत. चहाच्या नेहमीच्या कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असतं. दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या वर कॅफिन दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ पोटात जात असेल आणि ते अचानक थांबलं, तर २४ तासांच्या आत डोकं धरतं. चहा घेतला की तासाभरात उतरतं. रविवारी सकाळी नऊपर्यंत झोपणाऱ्याचं डोकं उठताक्षणी जड असतं, त्यात उशिराची झोप आणि सहा वाजताचा चुकलेला चहा दोघांचा हात असतो. चहा कमी करायचा तर तीन-चार दिवसांनी एक कप या गतीने करावा, आणि उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही तासाभराच्या वर हलवू नये. उपासाच्या डोकेदुखीला आठ तास पोट रिकामं राहणं पुरतं. एकादशीला साबुदाण्याची खिचडी पोटात जाते, ती फारशी त्रास देत नाही. हरतालिकेला मात्र पाणीही न घेता राहणाऱ्या बायकांचं कपाळ दुपारनंतर हमखास दुखतं, आणि त्यातल्या अनेकजणी उपाशीपोटी वेदनाशामक गोळी घेतात, जे पोटाला सर्वांत वाईट. ज्यांना वरचेवर डोकं दुखतं त्यांनी कडक निर्जळी उपास करू नये, फळं-दूध घेऊन करावा, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनीच सांगितलं तर ऐकलं जातं. आणि उपास नसलेल्या दिवसांचं काय? सगळ्यांचं झाल्यावर अडीच वाजता जेवणारी गृहिणी जवळजवळ रोजच आठ तासांच्या घरात जाते.

आता दुखायला लागलंय, तेव्हा काय करायचं? आधी पाणी, आणि जेवण चुकलं असेल तर चार घास. मग मान. खुर्चीत ताठ बसायचं, नजर समोर. हनुवटी खाली नाही, वर नाही, सरळ मागे सरकवायची, गळ्याशी दुसरी हनुवटी दिसेल इतकी. पाच सेकंद धरायचं, सोडायचं, दहा वेळा. बहुतेक जण इथे मान खाली घालतात, त्याने उलट मागचे स्नायू अजून ताणले जातात. पाठ आणि डोकं भिंतीला टेकवून केलं की चूक कळते. त्यानंतर उजव्या हाताने खुर्चीची कड पकडायची, डावा कान डाव्या खांद्याकडे नेत उजव्या बाजूला ताण जाणवेपर्यंत यायचं आणि २० ते ३० सेकंद तिथेच थांबायचं, श्वास चालू ठेवून. झटके द्यायचे नाहीत. दोन्ही बाजूंना दोन-तीनदा. कवटीच्या तळाच्या स्नायूंसाठी दोन टेनिस बॉल एका मोज्यात घालून तोंड घट्ट बांधावं. पाठीवर झोपून ते कवटीच्या हाडाच्या कडेखाली, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना येतील असे ठेवावेत आणि पाच मिनिटं डोक्याचा भार त्यांवर सोडून द्यावा. हवं तर अगदी बारीक होकारार्थी मान हलवावी. बॉल खाली मानेच्या मणक्यांवर घसरले तर दुखणं वाढतं. चक्कर आली किंवा हाताला मुंग्या आल्या तर लगेच थांबावं. सोबत मानेला गरम पाण्याची पिशवी, टॉवेलात गुंडाळून, १५ ते २० मिनिटं.

सलूनमध्ये मालिश झाल्यावर मान कडकन मोडून घेण्याची सवय आहे ना, ती कृपया सोडावी. मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला त्या झटक्याने चीर जाऊ शकते आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. तेल जिरवणं, बोटांच्या पेरांनी टाळू हलवणं, खांदे मळणं, हे सगळं चालेल. मान मोडणं नको.

बामची गोष्ट आपल्या मुंबईतच सुरू झाली. काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी १८९३ मध्ये इथे अमृतांजन काढलं आणि तो पिवळा बाम घराघरांत गेला. बाम म्हणजे मनाची समजूत असं समजणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जर्मनीत १९९६ साली पुदिन्याच्या तेलाचं १० टक्के द्रावण कपाळाला आणि कानशिलांना लावून ताणाच्या डोकेदुखीवर तपासलं गेलं, तेव्हा ते पॅरासिटामॉलच्या एक ग्रॅमच्या तोडीचं ठरलं. त्या तेलातल्या मेन्थॉलचा गारवा नसांना दुसरा निरोप देतो आणि दुखण्याचा निरोप मागे पडतो. थोडा लावावा, डोळ्यांपासून दूर, आणि मानेच्या मागेही लावावा. दोन वर्षांखालच्या मुलांना कापूर-मेन्थॉलचा बाम लावू नये. सहाणेवर उगाळलेल्या सुंठेचा लेप काम करतो तो असाच, उष्णतेच्या बाजूने. पण तो वाळून तडकेपर्यंत ठेवला तर नाजूक कातडी भाजते. दहा मिनिटांनी पुसून टाकावा.

मला स्वतःला सर्वांत जास्त विश्वास आहे तो सैलावण्याच्या सरावावर, आणि लोक सर्वांत लवकर कंटाळतात तेही त्यालाच. शिकागोच्या एडमंड जेकबसन या डॉक्टरने गेल्या शतकाच्या सुरुवातीला एक साधी गोष्ट पाहिली. आपला स्नायू आवळलेला आहे हेच माणसाला कळत नाही, मग तो सैल कसा सोडणार? म्हणून आधी मुद्दाम आवळायचा. एका हाताची मूठ पाच-सात सेकंद, पूर्ण ताकदीच्या निम्म्या जोराने, आणि मग एकदम सोडून २० ते ३० सेकंद फक्त त्या हातातला फरक अनुभवायचा. मग दुसरी मूठ, दंड, कपाळाच्या आठ्या, डोळे, जबडा, कानांपर्यंत उचललेले खांदे, पोट, मांड्या, पोटऱ्या. पंधरा-वीस मिनिटं लागतात. शवासनात हेच घडतं, फक्त आवळण्याची पायरी नसते. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगाला प्रयोगशाळेत नेलं, त्यामुळे शवासन मराठी घरांना नवं नाही. पण आसनांच्या शेवटी घाईघाईत उरकलेलं दोन मिनिटांचं शवासन इथे उपयोगाचं नाही. नवशिक्याने आवळून सोडण्याच्या पद्धतीने सुरुवात करावी. चुका ठरलेल्या असतात. आवळताना श्वास रोखला जातो. मान फार जोरात आवळून पेटका येतो. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे डोकं दुखेल तेव्हाच करणं. हे शिकायचं ते न दुखणाऱ्या दिवशी, रोज, निदान सहा ते आठ आठवडे. तेव्हा कुठे लोकलच्या गर्दीत उभं असताना, डोळे न मिटता, खांदे एका उच्छ्वासाबरोबर खाली सोडता येतात.

आणि गोळी. गोळी वाईट नाही. क्वचित दुखणाऱ्या माणसाने ती जरूर घ्यावी, पण पुरेशी आणि वेळेवर. निरोगी प्रौढाला पॅरासिटामॉल ५०० ते १००० मिलिग्रॅम, पुढच्या मात्रेआधी सहा तासांचं अंतर, आणि दिवसाला काहीही झालं तरी ४ ग्रॅमच्या आत. दारू पिणाऱ्याने, यकृताचा त्रास असणाऱ्याने, अगदी कृश माणसाने डॉक्टरला विचारूनच, आणि त्याहून कमी. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं, तेही मोजायचं. आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम जेवणानंतर. पण अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, दमा, रक्त पातळ करणारी औषधं किंवा गरोदरपण असेल तर नको. पावसाळ्यात तापाबरोबर डोकं दुखत असेल तर आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही टाळावीत. डेंग्यू निघाला तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

धोका सुरू होतो तो दिवस वाढत गेल्यावर. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, आणि कॅफिन वगैरे मिसळलेली गोळी १० किंवा अधिक दिवस, असं ३ महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकेदुखी तयार करू लागते. हे गुडघ्यासाठी गोळ्या घेणाऱ्याला सहसा होत नाही. ज्याला मुळात डोकेदुखीची प्रवृत्ती आहे त्यालाच होतं, म्हणून ते ओळखायला कठीण. माणूस म्हणतो, दुखतं म्हणून घेतो. खरं तर कालची गोळी उतरली म्हणून आज दुखत असतं. किती गोळ्या घेतल्या यापेक्षा किती दिवस घेतल्या हे मोजायचं. एका वाईट दिवशी दोनदा घेतलेली गोळी हा एकच दिवस. रोज अर्धी घेतलेली गोळी हे तीस दिवस. आठवड्यात दोन दिवसांच्या पुढे जायचं नाही, एवढी मर्यादा बहुतेकांना सांभाळता येते.

मोजायला वही नको, अ‍ॅप नको. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतंच. त्यावर दुधाचे लिटर, गॅस लावल्याची तारीख आणि कामवाल्या ताईंच्या सुट्ट्या लिहिलेल्या असतात. त्याच चौकोनात दुखलं त्या दिवशी एक टिंब, गोळी घेतली तर फुली. पाळी, रात्रीचं जागरण, चुकलेलं जेवण यांच्यासाठी एखादं अक्षर. महिनाअखेरीला फुल्या मोजायच्या. पुष्कळांना वाटतं आपण पाच-सहा दिवस घेतो, आणि फुल्या सतरा निघतात.

तशा निघाल्या तर गोळी थांबवावी लागते, आणि ते आठवडे कठीण असतात हे आधी सांगायला हवं, नाहीतर चौथ्या दिवशी धीर सुटतो. साध्या गोळ्या एकदम बंद करता येतात. दोन ते दहा दिवस डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं, झोप उडते, मळमळतं, चिडचिड होते. त्यानंतर हळूहळू उतरतं आणि दोन महिन्यांत बऱ्याच जणांचं दुखणं निम्म्याच्या खाली येतं. कोडीन, ट्रॅमाडॉल यांसारखी अफूच्या जातीची वेदनाशामकं किंवा झोपेच्या गोळ्या मिसळलेलं काही चालू असेल तर स्वतःहून थांबवू नये, डॉक्टरच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने. जुनाट दुखण्यात डॉक्टर कधी अमिट्रिप्टिलिन देतात, रात्री झोपण्याआधी दोन तास, १० मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवत. तोंड कोरडं पडतं, पहिले काही दिवस सकाळी गुंगी राहते. मात्रा फार छोटी असते आणि परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. चिठ्ठीवर नाव पाहून इंटरनेटवर शोधलं की 'नैराश्यावरचं औषध' असं दिसतं आणि अनेकजण तिथेच दुखावतात, आपल्याला वेडं ठरवलं असं वाटून औषध कचऱ्यात जातं. या मात्रेत ते वेदनेच्या वाटा शांत करायला दिलेलं असतं. हे समजावून सांगणं डॉक्टरचं काम, आणि त्याने सांगितलं नाही तर आपण विचारायचं.

गोळी थांबवण्यासाठी आठवडा निवडताना घराने मिळून निवडावा. वार्षिक परीक्षा, लग्नघर, गणपती, ऑफिसातला मार्च हे सोडून. त्या दहा दिवसांत दुखणाऱ्याचा स्वयंपाक दुसऱ्याने करावा, दोन्ही वेळचं जेवण आणि उठण्याची वेळ हलू देऊ नये, संध्याकाळी अर्धा तास चालायला सोबत जावं, आणि "आज कसं आहे?" हे दिवसातून एकदाच विचारावं. घरातल्या उरलेल्या पट्ट्या शेजारी किंवा भावाकडे ठेवाव्यात. टिंब मात्र रोज द्यायचं. तीन महिन्यांनी डॉक्टरकडे जाताना त्या तीन पानांचे मोबाइलवर फोटो काढून न्यावेत. "कधीपासून दुखतंय, किती वेळा?" या प्रश्नाला मग अंदाजे उत्तर द्यावं लागत नाही.